छोटा गिअर धरून

"काढ."

एवढंच म्हणायचे ते. मातीचा रस्ता संपून डांबरी सडक लागली की डाव्या सीटवरून, माझ्याकडं न बघता, "काढ." म्हणजे चार चाकांची ताकद काढ, गाडी दोन चाकांवर आण. परत येताना फाट्यावर डांबर संपलं की, "टाक." गाडी चालवायचे मी, पण ह्या दोन शब्दांची मालकी त्यांची. मला अशी चीड यायची! "डोळे फुटलेत का माझे? मला दिसत न्हाई का डांबर?" असं कितीदा म्हणलेलं मी. ते गप बसायचे आणि पुढच्या फेरीला बराबर त्याच जागी परत, "काढ."

ज्या मंगळवारी ते म्हणले न्हाईत, त्या मंगळवारी मी विसरले.

आमची वस्ती भोकरदन तालुक्यात, पिंपळगाव रेणुकाईच्या अंगाला, सडकेपासून अडीच किलोमीटर आत. मधे ओढा. पाणी कमी असलं की ओढ्यातून जायचं, पाणी चढलं की टेकडीवरून. टेकडीचा रस्ता म्हणजे नुसते सुटे दगड आणि मुरूम. तिथं ट्रॅक्टर पुढून उचलतो. एक उलटला होता, तेव्हापासून कुणी नेत न्हाई. मोटरसायकलवरून धडधाकट माणूस पडतो. अँब्युलन्स फाट्यापर्यंत येते आणि हॉर्न वाजवत उभी राहते. त्या चढावर चढते ती एक आमची जुनी जीप.

ह्याच जीपवर त्यांनी सतरा वर्षं काळीपिवळी चालवली. भोकरदनचे, राजूरचे पॅसेंजर भरायचे, लग्नाची वऱ्हाडं न्यायची. मंग दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, जालन्याला डायलिसिस. चार तास मशीनवर पडायचं, अंगातलं पाणी काढून घ्यायचं आणि घरी यायचं. दिवसभरात दोन पेले पाणी, त्यातच गोळ्या, त्यातच चहा. एक फेरी चुकली की पाय सुजायचे, आडवं पडलं की श्वास कोंडायचा, आणि उशीला टेकून बसल्या बसल्या माणूस माझ्याकडं असा बघायचा की मी स्वयंपाकघरात निघून जायचे. गाडी चालवायला मी तेव्हा शिकले, चाळिशी ओलांडल्यावर. शिकवलं त्यांनीच. रडवलं म्हणा ना.

गिअरबॉक्सच्या मागं अजून एक डबा असतो. ट्रान्सफर केस म्हणतात त्याला, आम्ही नुसता डबा म्हणायचो. इंजिनाची ताकद तिथं येते आणि पुढच्या-मागच्या चाकांना वाटून जाते. त्याचा दांडा वेगळा. त्यात एक छोटा गिअरही असतो. तो टाकला की गाडी मुंगीच्या पावलानं चालते पण भिंतीवरबी चढेल अशी चढते. चिखलात, दगडात चार चाकं चालतात कारण चाकाला थोडं घसरायला मिळतं. डांबरावर घसरायला जागा न्हाई. तिथं पुढची चाकं मागच्यांशी भांडतात आणि सगळा पीळ डब्यात जाऊन बसतो. हे मला त्यांनी पन्नासदा सांगितलेलं. म्हणून तर ते "काढ" होतं.

त्या मंगळवारी नवरात्र चालू होतं. परतीच्या पावसानं ओढ्याकाठी चिखल केल्ता. मी चार चाकांवर गाडी काढली. त्यांना सकाळपासून धाप होती, मधले तीन दिवस अंगात पाणी साचलेलं. मागच्या बाकावर उशा लावून निजवलं होतं. माझं अर्धं लक्ष आरशात. डांबर लागलं, ते बोलले न्हाईत, मी तशीच निघाले. जालन्यापर्यंत गेले, चार तास बसले, तशीच परत फिरले. स्टिअरिंग जड लागत होतं. मला वाटलं उपासानं माझेच हात गळालेत! फाटा दिसायला लागला आणि गाडीखाली कुणी घण घातल्यासारखा आवाज झाला. मंग कराकरा, आणि मंग काहीच न्हाई. इंजिन चालू, गिअर पडलेला, आणि गाडी जागच्या जागी.

मी खाली वाकून पाह्यलं. सडकेवर तेलाची धार. उठून उभी राह्यले तर खिडकीतून दिसलं, ते बाकावर उठून बसलेले, दांड्याकडं बघत. दांडा चार चाकांवरच होता.

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फाट्यावर एका मिस्त्रीचं पत्र्याचं शेड आहे. यांचे काळीपिवळीच्या दिवसांपासूनचे दोस्त. चौघांनी ढकलत गाडी तिथं नेली. यांना वस्तीवरच्या एकानं मोटरसायकलवर मधे बसवून, मागून दुसऱ्यानं धरून, ओढ्यातून घरी सोडलं. तेव्हा ओढ्याला घोट्याएवढंच पाणी होतं. घरी पोचलो आणि पाऊस आला. सकाळी ओढा काठोकाठ.

बुधवारी सकाळी वस्तीवरची माणसं अंगणात जमली. त्यांचंही खोटं नव्हतं. शुक्रवार चुकवून चालणार न्हाई हे सगळ्यांना ठाऊक. एकजण म्हणला, "वहिनी, कशाला चिंता करता? बाजेवर घालू दादाला. चौघं खांद्यावर घेतो, टेकडी चढून तासाभरात फाट्यावर. तिथून गाडी करा."

आतून यांचा आवाज आला. श्वास पुरत नव्हता, तरी आला. "चौघांच्या खांद्यावर मी एकदाच जाणार."

मी आत गेले आणि दार लोटून घेतलं. म्हणलं, "हे काय बोलणं झालं? तुमच्या भल्याचंच सांगून राह्यले ना ते!"

"वस्तीवरच्या पोरांनी दारात उभं राहून बघायचं का? जित्तेपणी?"

"अहो पण शुक्रवार..."

"गाडी दुरुस्त कर. न्हाई झाली तर न्हाई गेलो."

मी हात जोडले. खरंच जोडले. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं. मी बोलायचं बंद केल्यावर भिंतीकडंच बघत म्हणले, "आणि डबा बदलायचा न्हाई. मिस्त्री म्हणेल बदला. आपला डबा उघडून त्यातलं मोडलं तेवढं नवीन घाल. दुसऱ्याचा डबा कुणी कसा चालवलाय कुणाला ठाऊक? आपल्या डब्याचं दुखणं तरी आपल्याला माहीत आहे."

टेकडी पायी ओलांडून मी फाट्यावर गेले. मिस्त्रीनं डबा खाली काढून उघडून ठेवलेला. तेलात दातांचे तुकडे पडलेले, भाजलेल्या शेंगदाण्यांएवढे. एक बेअरिंग फुटून वाटीसारखं झालेलं. मिस्त्री म्हणले, "वहिनी, एवढा माल गोळा करायला आठ-दहा दिवस. आजकाल ह्याचं सामान कुणी ठेवत न्हाई. जालन्याला जुना डबा मिळाला तर उद्याच्या उद्या बसवून देतो."

"ते बदलू नका म्हणले."

"मंग मालकाला सांगा, दहा दिवस दम धरा."

दम! त्याच शब्दावर माझं डोकं फिरलं. त्यांच्यावर ओरडले, की दम असता तर तुमच्या दारात आले असते का. ते बिचारे हात पुसत खाली बघत राह्यले. मंग मी म्हणलं, आणते डबा. सांगा कसा ओळखायचा.

त्यांनी खोक्यातून एक जुनी लग्नपत्रिका काढली, जाड कागदाची. डब्याच्या तोंडावर दाबून धरली आणि कडेनं हळूहळू हातोडी ठोकत गेले. कागद बराबर कापला गेला, बोल्टांची भोकं बराबर पडली. डबा आणि गिअरबॉक्स यांच्या मधे घालायला ते असंच पत्रिकेचं पॅकिंग करतात. म्हणले, "हे ज्याच्या तोंडाला बसेल तो आपला." अर्ध्या पत्रिकेवर गणपती, अर्ध्यावर कुणाच्या तरी मुलीचं लग्न, मधे मोठं भोक. ती पिशवीत घालून मी एसटीनं जालन्याला गेले.

जुन्या जालन्यात धान्याच्या आडतींच्या मागं भंगारवाल्यांच्या गल्ल्या आहेत. इथलं सगळं लोखंड शेवटी कारखान्याच्या भट्टीत जातं आणि सळई होऊन बाहेर पडतं. सहा दुकानं पालथी घातली. सातव्या ठिकाणी ट्रक भरत होता. ढिगाच्या पायथ्याशी एक डबा, वर मातीचा थर, एक दांडा वाकडा. मी पत्रिका काढून त्याच्या तोंडाला लावली. बसली! भोकाला भोक, काठाला काठ. माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू.

हमाल म्हणला, "ओ बाई, बाजूला व्हा, ते चढवायचंय."

"न्हाई चढवायचं. ते माझं आहे."

दुकानदार आला. सरळ माणूस होता, खोटं बोलला न्हाई. म्हणला, "आतून कसाय ते मी पाह्यलेलं न्हाई बाई, आणि ट्रक थांबणार न्हाई. बघायचा तर जल्दी बघा." मी शाफ्ट हातानं फिरवला, कान लावला. मोठा गिअर गोड फिरला. छोटा टाकला, तो पडला, पण दांडा जरा ढिला लागला. त्यांनी शिकवलं होतं, ढिला दांडा म्हणजे आतले दात झिजून गोल झालेत. मला ते आठवलं होतं. खरं सांगते, आठवलं होतं. पण शुक्रवार परवावर आलेला, आणि हमालानं डब्याला हात घातलेला. मी म्हणलं, बांधा गोणपाटात.

चाळीसेक किलोचं ते धूड एसटीत चढवताना कंडक्टर म्हणला, हे काय आणलंय? मी म्हणलं माझ्या नवऱ्याचा जीव आहे ह्यात, आणि मला तिथंच रडू फुटलं. त्यानं मंग मागच्या बाकाखाली पाय देऊन स्वतः सरकवलं. बाजूची बाई विचारून राह्यली, काय झालं माय? मी सांगितलं. ती म्हणली, "अगं, मंग किडनीच का बदलत न्हाई?" म्हणलं, "बाई, माझी जुळली असती तर कालच दिली असती, आणि त्यांचं हृदय तेवढं सोसत न्हाई म्हणले डॉक्टर. तुम्ही तुमचं तिकीट बघा." सगळ्या एसटीनं वळून पाह्यलं. लोकांना वाटतं, सगळं बदलता येतं.

फाट्यावर डबा उतरवला तेव्हा ऊन कललेलं. मिस्त्री म्हणले, "उद्या सकाळी लावतो, दुपारपर्यंत गाडी तुमची."

उद्या गुरुवार होता. उद्या खंडेनवमी होती हे आम्हा दोघांच्याही ध्यानात न्हाई. मिस्त्रीला वाटलेलं नवमी शुक्रवारची.

यांच्या मात्र ध्यानात होतं. सकाळी उठल्या उठल्या म्हणले, "पान्हे काढ." रात्र बसून काढलेली, पाय घागरीसारखे, तरी पान्हे काढ. दर खंडेनवमीला त्यांच्या पान्ह्यांची पूजा असायची. हत्यारानं वर्षभर पोट भरलं, एक दिवस त्याला आराम. त्या दिवशी हत्यार उचलायचं न्हाई, दसऱ्याला सीमोल्लंघन झाल्यावरच हात लावायचा. मी पान्हे घासले, पाटावर लहान-मोठे ओळीनं मांडले, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. त्यांनी बसल्या जागेवरून हात जोडले. त्या पान्ह्यांनाच शुक्रवारचं विचारून राह्यलेत की काय, असं वाटलं मला.

टेकडी उतरून शेडमधे गेले तर तिथंही तोच पाट. मिस्त्रीचे पान्हे, हातोडी, जॅक, सगळं कुंकवानं लाल, समोर नारळ. डबा गोणपाटात तसाच.

"वहिनी, चूक झाली. तिथी आजची निघाली. उद्या संध्याकाळी, सोनं लुटलं की पहिलं काम तुमचं."

"उद्या संध्याकाळी? उद्या सकाळी आठला त्यांना मशीनवर घ्यायचंय!"

त्यांनी डावा हात पुढं केला. करंगळीचं टोक नव्हतं. "ह्याच दिवशी पान्हा उचलला होता. जॅक सुटला. मला मारून टाका, पण आज मी हत्याराला हात लावणार न्हाई."

मी काय काय बोलले ते लिहीत न्हाई. दोस्ती काढली, सतरा वर्षं काढली, त्यांनी खाल्लेल्या भाकरी काढल्या. माणूस रडायला आला, पण हात पुढं केला न्हाई. मला त्यांचा राग आला आणि त्यांचं बराबरही वाटलं, कारण माझ्याच घरात मी तासापूर्वी तेच करून आले होते.

तशीच परत टेकडी चढले. घरात गेले. पाटासमोर बसले आणि फुलं बाजूला करून एकेक पान्हा पिशवीत टाकायला लागले. कुंकू ओलंच होतं, हात लाल झाले.

"काय करून राह्यलीस?"

"पान्हे नेते."

"मिस्त्री आज हात लावणार न्हाई."

"मी लावीन."

ते माझ्याकडं बघत राह्यले. मला वाटलं आता ओरडतील. म्हणले, "आपलाच डबा दुरुस्त करतोय ना तो?"

"हो," मी म्हणलं. हातात देवापुढून उचललेला पान्हा आणि तोंडात खोटं. माझ्यावरच थुंकावंसं वाटलं. पण थांबले न्हाई.

पिशवी शेडमधे आपटली तेव्हा मिस्त्रीनं कुंकवाचे पान्हे पाह्यले, मला पाह्यलं, आणि उकिडवे बसले. म्हणले, "हाताला बंदी आहे. तोंड काही मी पूजेला बसवलं न्हाई. झोपा खाली."

साडीचा पदर खोचला आणि मी जीपखाली शिरले. मिस्त्री बाहेरून सांगायचे, चौदाचा घ्या, आता सतराचा, उलटा फिरवा, अहो उलटा म्हणजे डाव्या अंगाला! डबा त्यांनी दोरानं वर ओढून धरला. दोर काही हत्यार न्हाई म्हणले. लग्नपत्रिका मधे बसवली. बोल्ट भोकात जाईना, डोळ्यात माती, कोपर सोलून निघालं. मी त्या बोल्टाला ज्या शिव्या दिल्या त्या माझ्या सासरी कुणी ऐकल्या न्हाईत. पाच बोल्ट बसले, सहावा वाकडा धरला. मंग शाफ्टचे दोन्ही जॉइंट, मंग तेल. ऊन शेडच्या पत्र्यावरून उतरलं तेव्हा गाडी हलली. पुढं गेली, मागं गेली. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं.

टेकडीच्या पायथ्याला चार चाकं टाकली, छोटा टाकला. अर्ध्या चढावर खट्‌ झालं आणि दांडा सुटून माझ्या गुडघ्यावर आपटला. छोटा गिअर उडाला! गाडी मागं सरकायला लागली. ब्रेक दाबून धरला. परत टाकला, दहा हातांवर परत उडाला. दात गोल झालेले, ओझं पडलं की धरतच नव्हते. शेवटी एका हातानं दांडा दाबून आणि एका हातानं स्टिअरिंग धरून कशीबशी वर काढली. एकटी होते म्हणून निघाली. दोन्ही हातांचं काम एका हातानं, वळणावर चाक दगडावरून सटकलं असतं तर खाली खोरं.

दारात गाडी उभी केली. आत गेले तर ते उशीला टेकून बसलेले, डोळे मिटून. म्हणले, "बदललास."

मी पान्ह्यांची पिशवी खाली ठेवली.

"छोटा उडतोय. दोनदा उडाला. ऐकलं मी."

भाकरी न खाता ते तसेच बसून राह्यले. मी दाराशी बसून राह्यले. उद्या त्यांनी न्हाई म्हणलं असतं तर माझ्याकडं काहीच उरलं नव्हतं. बाज नको, बदललेला डबा नको. मी रेणुकाईला म्हणलं, माझे पान्हे उचललेले हात घे, पण ह्यांना गाडीत बसव.

शुक्रवारी पहाटे बाकावर उशा लावायला लागले तर दारातून म्हणले, "मागं नको. पुढं बसव." ओठ निळे, एकेक शब्द तोडून. मला कळलं न्हाई. पुढं बसवलं. टेकडीच्या पायथ्याला मी छोटा टाकला आणि त्यांनी उजवा हात दांड्यावर ठेवला. माझा हात बाजूला केला. "तू दोन्ही हातांनी चालव."

चढ लागला. दांडा थरथरायला लागला, उडायला बघायला लागला, आणि ते अंगाचा सगळा भार त्या हातावर देऊन वाकले. श्वास असा वाजत होता की इंजिनाचा आवाज मला ऐकू येईना. "सोडा, थांबू जरा," मी म्हणलं. त्यांनी मान हलवली. दगडावर गाडी अडकली, दांड्यानं उसळी घेतली, त्यांनी दुसरा हातही लावला. त्या हाताची नस मशीनच्या सुईसाठी ऑपरेशन करून जोडलेली, त्यावर जोर द्यायचा न्हाई असं डॉक्टरनं बजावलेलं. मी ओरडले. त्यांनी ऐकलं न्हाई. गिअर उडाला न्हाई.

टेकडी उतरलो. फाटा आला. डांबर लागलं.

"काढ," ते म्हणले.

मी काढलं. इतकी रडले की पुढची सडक दिसेना. ते म्हणले, "रडत काय चालवतीस, समोर बघ." आठला त्यांना मशीनवर घेतलं. दसरा होता. दुपारी मशीनवरच्या माणसांनी एकमेकांना आपट्याची पानं दिली, सोनं घ्या म्हणत, एक हात नळीला बांधलेला आणि एका हातानं. संध्याकाळी फाट्यावर थांबून त्यांनी मिस्त्रीलाही दिलं.

मिस्त्री म्हणले, "डबा खोलून देतो, छोट्याचे दात नवे घालू. दोन आठवड्यांचं काम, तोवर तुमच्यासाठी गाडी बघतो."

हे म्हणले, "राहू दे. मला काही काम तरी राह्यलं."

मंग तसंच चाललं. हिवाळ्यात ओढा आटला तरी पलीकडची दरड चढायला छोटा लागायचाच. मंगळवारी आणि शुक्रवारी ते डाव्या सीटवर बसायचे आणि दांडा धरायचे. तळहाताला घट्टा पडला. आजारानं सगळं काढून घेतलेला माणूस, पाणीसुद्धा मोजून, पण दरडीला आला की ताठ बसायचा. मी डबा बदलला ह्यावर परत एक शब्दही बोलले न्हाईत. दुरुस्त करू का, असं मी परत दोनदा विचारलं. दोन्हीदा न्हाई म्हणले. मलाही मंग ते बरं वाटायला लागलं, आणि आता त्याची लाज वाटते, कारण धरताना त्यांना किती लागत होतं ते मी बघत होते.

पुढच्या श्रावणात ते गेले. जालन्यालाच, दवाखान्यात, मंगळवारी. मशीनवर घेण्याआधीच.

दवाखान्याच्या गाडीनं त्यांना फाट्यापर्यंत आणलं. मी जीप घेऊन मागोमाग आले. त्या दिवशी ओढा भरून चालला होता. वस्तीवरची माणसं बाज घेऊन टेकडी उतरून आल्ती, फाट्यावर उभी होती. चौघं पुढं झाले.

मी म्हणलं, "न्हाई. ते म्हणले होते, एकदाच. इथून खांद्यावर आणि घरून परत खांद्यावर, हे दोनदा होतं."

कुणी वाद घातला न्हाई. मागच्या बाकावर निजवलं, उशा होत्याच. चौघं बाजूला बसले. मिस्त्री शेड उघडं टाकून मागून चढले. डाव्या सीटवर कुणी बसलं न्हाई. बस म्हणायचं मलाही सुचलं न्हाई.

डांबर संपलं. चार चाकं टाकली, छोटा टाकला. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, दहा महिन्यांच्या सवयीनं. अर्ध्या चढावर दगड लागला, खट्‌ झालं, दांडा सुटला आणि गाडी मागं सरकली. मागून कुणीतरी ओरडलं. मी ब्रेक दाबला आणि तशीच, समोर बघत, चिडून ओरडले, "अहो, धरा की!"

मंग मागून, दोन सीटच्या मधून, मिस्त्रीचा अर्ध्या करंगळीचा हात पुढं आला आणि त्यांनी दांडा धरला.